शेवंताबाई ले-आउटमधलं म.वि.

भागीरथाबाईंनी देवाजवळ स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. मुलाची बदली, सुनेचं बाळंतपण, नवऱ्याची शुगर, शेजारच्या पौर्णिमाचे गुडघे, एवढी मागण्यांची रांग लागलेली असताना मधेच आपला नंबर घुसवणं त्यांना बरं वाटत नसे. पण गेल्या चातुर्मासात एकदा त्यांनी समई सारखी केली, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "देवा, संध्याकाळी बसाले एक जागा पाह्यजे होती."

देवाला वाटलं असेल, एवढंच? देवाला पिपरी मेघेकडचे ले-आउट ठाऊक नसावेत.

शेवंताबाई ले-आउटमध्ये पुरुषांना पानठेला होता, म्हाताऱ्यांना टेकायला नाल्यावरच्या छोट्या पुलाची पुलिया होती, पोट्ट्यांना अख्खा रस्ता होता. बायकांना फाटक होतं. एक हात कडीवर, एक पाय आत, आणि मान बाहेर, अशा आसनात त्यांच्या संध्याकाळी जात. पौर्णिमाच्या पायरीवर बसावं तर ती बिचारी चहा टाकायला उठे, म्हणजे तिच्या गुडघ्यांना पुन्हा त्रास. फिरायला निघावं तर प्रत्येक फाटकातून विचारणा, "कुठं चालल्या वो?" आणि कुठे नुसतं बसावं, तर लोकांना वाटे, बाईला एकतर चक्कर आली, नाहीतर सुनेशी वाजलं. काम न करता बसलेली धडधाकट बाई, असा प्रकार तिथं कोणी पाहिलेलाच नव्हता.

ले-आउटला ओपन स्पेस होता. शेत विकलं, प्लॉट पाडले, दगड गाडले आणि मधे एक चौकोन उरला की त्याला आमच्याकडे ओपन स्पेस म्हणतात. त्या चौकोनात रूपरावांचं सोयाबीन वाळत असे, कोणाच्या तरी घराच्या बांधकामातून उरलेली गिट्टी इतकी जुनी झाली होती की तिच्यातून पिंपळ निघाला होता, लग्नाचे मांडव पडत, क्रिकेट चाले, आणि एक गाय स्वतःच्या मालकीची जागा असल्यासारखी मधोमध रवंथ करी. थोडक्यात, ओपन सोडून सगळं होतं.

अशात ले-आउटांचं काम पाहणाऱ्या सरकारी ऑफिसकडून पत्रक आलं. प्रत्येक ले-आउटने आपल्या ओपन स्पेसचा 'शाश्वत व सर्ववयोगट भूवापर आराखडा' सादर करावा, निधी मिळेल. न केल्यास जागा टँकर उभे करायला वापरण्यात येईल.

भागीरथाबाई चपापल्या. कीर्तनात त्यांनी जन्मभर ऐकलं होतं की शाश्वत काय तो एक आत्मा, बाकी सगळी माया. आता त्यात ओपन स्पेसची भर पडली. पण सर्ववयोगट हा शब्द त्यांना फार आवडला. सगळ्या वयांचे म्हणजे आपणही आलो की त्यात, आपलं वय काही कुठे गेलेलं नाही.

आराखडा काढणार कोण, हा प्रश्नच नव्हता. त्यांचे यजमान महादेवराव झाडे एका सरकारी खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झाले होते. हातात पेन्सिल नसली की त्यांना जेवणही गोड लागत नसे. 'नकाशात अक्षर जितकं कमी, तितका नकाशा मोठा,' हे त्यांचं तत्त्व. ते त्यांनी स्वयंपाकघरातही लावलं होतं. डब्यांवर 'तु.डा.', 'ह.डा.', 'शें.कू.' अशा चिठ्ठ्या होत्या. 'सा.' लिहिलेले तीन डबे होते, साखर, साबुदाणा आणि साबणाचा चुरा, आणि एका एकादशीला सुनेच्या माहेरच्या पाहुण्यांनी खिचडी खाऊन जो फेस काढला, त्याची आठवण घरात कोणी काढत नसे.

महादेवरावांनी टेबल अंगणात मांडलं. मग काय, शेजाऱ्यांचे सल्ले फुकट आणि भरपूर.

रूपराव देवळीकडे शेती असलेले, बोलायला मोकळे. म्हणाले, "भाऊजी, मधात मोकळं ठेवजा बरं. मी सोयाबीन काय डोक्शावर वाळू घालू?"

पौर्णिमाचे यजमान प्रेमदास थूल बँकेतून निवृत्त झालेले, सगळं वाचून आलेले. म्हणाले, "साहेब, शाश्वत म्हणजे पानी मुरलं पाह्यजे. तुमच्या नकाशात पानी कुठं मुरते ते दाखवा पयले."

"सरकारी कामात पाणी कुठं मुरते ते आजवर कोनाले दिसलं का, थूल साहेब?" महादेवराव म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर इतके खूश झाले की गिट्टीच्या जागी चुकून दोन बाक काढून बसले.

पोलीस भरतीच्या तयारीतला निकेश आला. त्याला धावायची पट्टी हवी होती. म्हाताऱ्यांना कट्टा, पोरांना घसरगुंडी, गायीला... गाय काही बोलली नाही, पण महादेवराव जागा मोजायला गेले तेव्हा उठलीही नाही.

रात्रीच्या जेवणाला भागीरथाबाईंनी गरम पोळी वाढत हळूच विषय काढला. "अजी, बायकाईले बसाले एक ओटा दाखवता का? साधा. वर पत्रा असला तं बरं."

महादेवरावांनी पोळीचा तुकडा मोडला. विचार केला. "दाखवतो. पण जागा कोपऱ्यातच हाये. तिथं 'महिला विसावा' एवढं मावनार नाई."

आणि निंबाच्या झाडाखालच्या चौकोनात त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, 'म.वि.'

आता नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली संकेतसूची असते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. कोणत्या अक्षराचा काय अर्थ ते तिथं लिहितात. महादेवरावांनी तो कोपरा सोडला होताच. पण तिथं त्यांनी दुहेरी चौकटीत लिहिलं, 'आरेखन : श्री. महादेवराव झाडे, सेवानिवृत्त'. चौकटीला वेलबुट्टी काढली. मग संकेतसूचीला जागा उरली नाही. मोठ्या माणसांचे अपघात असेच लहान जागेत होतात.

नकाशा रूपरावांच्या पोर्चमध्ये टांगला. सह्या हव्या होत्या. दुसऱ्याच दिवशी रूपराव आले, महादेवरावांना बाजूला घेतलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "भाऊजी, म.वि. पाह्यलं. लय मोठं काम केलं तुमी. उघडून बोलत नाई मी, पण समजलो."

तास गेला नसेल, प्रेमदास आले. त्यांनी दोन्ही हातांनी हात धरला. "म.वि.बद्दल आमच्या सगळ्यायकडून आभार, साहेब. बोलत नाई कुठं, उगाच विषय होते."

निकेश तर पायाच पडला.

महादेवराव छाती फुगवून घरात आले. "पाह्यलं? एवढे गडी माणसं, पण बायकाईच्या बसन्यासाठी जीव कसा तुटते त्यायचा!"

भागीरथाबाई गहू निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. ज्या रूपरावांनी स्वतःच्या बायकोला लग्नाच्या पाटानंतर कधी बस म्हटलं नव्हतं, ते असे विरघळले कसे? उत्तर संध्याकाळी फाटकाशी मिळालं. पौर्णिमा सांगत आली, "आमचे म्हन्तात, मिनी विहार होऊन राह्यलं. म.वि." तिचं पुरतं होत नाही तोच रूपरावांची बायको पलीकडून म्हणाली, "विहार कायचं? मंदिर हाये, विठ्ठलाचं. म.वि." आणि निकेशची आई म्हणाली, पोरगा सांगतो, 'मैदान विस्तार'. वेलांटी, मात्रा, अनुस्वार ज्यानं त्यानं पदरचा घातला होता.

भागीरथाबाईंनी खरं काय ते सांगितलं. फाटकाशी जे हसू फुटलं, त्यानं ती गायसुद्धा उभी राहिली. घरी मात्र एकीनंही सांगितलं नाही, हाती येणारा ओटा कोणाला घालवायचा नव्हता.

"अजी, लोक भलतंच समजून राह्यले," त्यांनी घरात येऊन सांगितलं.

"सगळ्यायच्या सह्या झाल्या नं?" महादेवराव म्हणाले. "आता उलगडून सांगतलं तं एक बी राह्यत नाई. तू बोलू नको."

खोटं बोलू नये हा भागीरथाबाईंचा नेम होता. पण हे खोटं बोलणं नव्हतं, नुसतं न बोलणं होतं. आणि न बोलण्याचा तर त्यांचा वेगळाच नेम होता. गुरुवारी दुपारी बारापर्यंत मौन.

तपासणीला ऑफिसचे अभियंता अनुप साहेब आले ते नेमके गुरुवारी.

महादेवराव हार घेऊन मेन रोडवर उभे होते. साहेब म्हणजे जीपमधून येणार, या हिशेबानं ते प्रत्येक जीपला नमस्कार करत होते. अनुप साहेब मोटरसायकलवर आले, हारवाल्या माणसाला वळसा घालून सरळ ओपन स्पेसवर. तिथं भागीरथाबाई निंबाला पाणी घालत होत्या.

"काकू, हे म.वि. काय आहे?" साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं.

लिहून सांगावं, तर लिहिणं म्हणजे हाताचं बोलणंच, ते त्यांच्या मौनात बसत नव्हतं. खाणाखुणा चालत, कारण देवघरातलं मांजर हाकलावं लागे. भागीरथाबाईंनी तांब्या खाली ठेवला. आधी बांगड्या वाजवून दाखवल्या, कुंकवाला बोट लावलं.

"बाई. बरं."

त्या खाली बसल्या. हुश्श केलं. पदरानं तोंड पुसलं आणि पदराच्याच टोकानं आरामात वारा घेऊ लागल्या. विसावा याहून स्पष्ट कोण करून दाखवणार?

साहेब एकटक पाहत होते. "बाई बसते... आणि माशा हाकलते. माशा..." त्यांचा चेहरा उजळला. "मासे! मत्स्य विक्री! म.वि.!"

भागीरथाबाईंनी दोन्ही हात हलवले. मान हलवली. कानांच्या पाळ्या धरल्या. गळ्यातली तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली.

"लाजता काय काकू त्यात? चांगला धंदा आहे. आणि त्याच योजनेचा निधी आमच्याकडे पडून आहे, कोणी मागतच नाही." साहेबांनी लिहून घेतलं, किक मारली, आणि परत जाताना पुन्हा एकदा त्या हारवाल्या माणसाला वळसा घातला.

बारा वाजले. भागीरथाबाईंचं मौन सुटलं. ज्या बाईचा आवाज शेजारच्या खोलीत कधी गेला नव्हता, तिचा त्या दिवशी पुलियापर्यंत गेला. "अवो मासोळी नाई!" पण ऐकायला फक्त गाय होती.

फलक आधी आला, बांधकाम नंतर. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं : 'मत्स्य विक्री केंद्र'.

"भाऊजी!" रूपराव धावत आले. "विठ्ठलाच्या जागी मच्छी?"

"विठ्ठल कुठून आला?" प्रेमदास मागून आले. "तिथं तं विहार होतं!"

"विहार? कोन म्हनलं विहार?"

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. मग दोघांनी मिळून महादेवरावांकडे पाहिलं. महादेवराव हळूच म्हणाले, "महिला विसावा."



"म्हंजे," रूपराव म्हणाले, "बायका... नुसत्या बसाले?"

"काऊन पण?" प्रेमदास म्हणाले.

एवढ्या वर्षांत त्या दोघांचं कोणत्याच गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. ले-आउटमध्ये सलोखा कशानं नांदतो हे समजायला फार पोथ्या वाचाव्या लागत नाहीत.

महादेवरावांनी नकाशाची गुंडाळी घेऊन ऑफिसला खेपा घातल्या. पहिल्या खेपेला कळलं की काम सुरू आहे, सुरू असलेल्या कामाचं नाव बदलता येत नाही, पूर्ण झाल्यावर या. पूर्ण झाल्यावर गेले, तर कळलं की पूर्ण झालेल्या कामाचं नाव कसं बदलणार, सुरू असताना यायचं होतं. त्यांनी संकेतसूचीचा मुद्दा काढला. बाबूनं नकाशाच्या कोपऱ्यातली वेलबुट्टी निरखून पाहिली. "हे आरेखन करनारे झाडे साहेब कोन हो? त्यायलेच पाठवा नं." महादेवराव म्हणाले, "सांगतो त्यायले," आणि घरी येऊन दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपले.

ओटा मात्र झाला देखणा. वर पत्रा, बाजूला नळ, बसायला रुंद पायऱ्या. मासोळीवाल्या खाली बसतात म्हणून पायऱ्या बुटक्या केल्या होत्या, त्या दुखऱ्या गुडघ्यांना मापानं शिवल्यासारख्या. फरशीला उतार होता, त्यामुळे पावसाचं पाणी नालीतून थेट निंबाच्या बुडाशी जाऊन मुरत होतं. रूपराव विठ्ठलासाठी रुसून तिकडे फिरकेनात. प्रेमदास विहारासाठी रुसले. पोट्टे म्हणाले, वास येतो, जरी तिथं अजून मासोळीचा खवलाही पडला नव्हता. अख्ख्या ले-आउटमध्ये पुरुष जिथं येणार नाहीत अशी ती एकच जागा तयार झाली.

पौर्णिमा पहिल्यांदा बसली. पाय लांब केले. "या नं बाई. काय झ्याक वारा हाये!"

भागीरथाबाई खालच्या पायरीशी घुटमळल्या. गळ्यात माळ, आणि बूड मच्छी बाजारात? त्यांनी वर पाहिलं. 'मत्स्य' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. मग चप्पल काढली, फलकाला दोन्ही हात जोडले आणि बसल्या.

"फलकाच्या पाया काऊन पडल्या वो?" पौर्णिमानं विचारलं.

"देवाचा पयला अवतार हाये तो," भागीरथाबाई म्हणाल्या. "नाव न घेता पुढं कसं जावं?"

मग रूपरावांची बायको आली, तिची सासू आली, लेकुरवाळ्या सुना आल्या. नालीच्या उतारावरून पोरांच्या गोट्या सुटू लागल्या. एक दिवस खरी मासोळीवाली आली, रक्षाबाई, रिकामं टोपलं घेऊन. ओटा पाहून घ्यावा म्हणाली.

"येथी खपते का मच्छी?"

"माह्या सोमवार," एक म्हणाली. "माह्या गुरुवार." "आमचा शनिवार." "श्रावण पाळतो आमी." "संकष्टी, एकादशी..."

रक्षाबाईनं कपाळाला हात लावला. "तुमच्या वाराईतून मासोळीले मराले बी टाइम नाई गावत." मग तीही टेकली. तेव्हापासून मेन रोडवर विकून झालं की बस येईपर्यंत ती पाय मोकळे करायला तिथंच येई.

सगळं असं मार्गी लागलं असताना ऑफिसचं पत्र आलं. केंद्रात विक्री होत नसल्याची तक्रार आहे. तपासणी होईल. विक्री आढळली नाही तर ओटा बंद करून गिट्टी-सिमेंटच्या गोदामाला देण्यात येईल. तक्रार कोणी केली हे पत्रात नव्हतं. पण रूपराव आणि प्रेमदास त्या दिवशी पानठेल्यावर एकाच पुडीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा खाताना दिसले.

बायकांनी ठरवलं. रक्षाबाई माल आणेल, पौर्णिमा घेईल. पौर्णिमाच्या घरी चालतं, तिला काही पाप नाही. सगळं सोपं होतं. फक्त तपासणीच्या दिवशी पौर्णिमा बहिणीला भेटायला देवळीला गेली आणि तिची बस अडकली.

अनुप साहेब आले. ओट्यावर रक्षाबाई टोपलं मांडून बसलेली, समोर सगळ्या बायका, आणि गिऱ्हाईक एकही नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पलीकडे रूपराव आणि प्रेमदास हाताची घडी घालून उभे होते. फाटकातली ती एका पायावरची संध्याकाळ भागीरथाबाईंच्या डोळ्यांपुढे आली. कडीला लावलेला हात आठवला.

त्या उठल्या. पदर सारखा केला.

"एक द्या," त्या म्हणाल्या.

"काय एक?" रक्षाबाईलाच खरं वाटेना.

"मासोळी."

पुलियावरचे म्हातारे उठून उभे राहिले. महादेवराव घरातून पळत आले, चष्मा कपाळावर. भागीरथाबाईंनी डोळे मिटून पिशवी पुढे केली, नाम घेत. रक्षाबाईनं शेपटी धरून एक टवटवीत मासोळी त्यात सोडली. साहेबांनी फोटो काढला : तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, हातात मच्छी. विक्रीचा याहून भक्कम पुरावा कोणत्या केंद्राकडे असेल?

"काकू, त्या दिवशी उगाच लाजत होत्या तुम्ही," साहेब म्हणाले. "घरी कशी करता?"

खोटं बोलायचं नाही, हा नेम होताच. "मी नाई करत," त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. "पौर्णिमा करते."

"पौर्णिमेला का! छान." साहेब लिहू लागले. "नियमित ग्राहक. दर पौर्णिमेला खरेदी. मग असं करू, दर पौर्णिमेला आमचा माणूस येऊन एक फोटो घेत जाईल. तेवढं चालू राहिलं की ओट्याला कोणी हात लावत नाही."

भागीरथाबाईंनी तोंड उघडलं. मग ओट्याकडे पाहिलं. रूपरावांच्या म्हाताऱ्या आईनं नळाखाली पाय धरले होते, एक सून पायरीवर लेकराला थोपटत बसल्या बसल्या पेंगली होती. त्यांनी तोंड मिटलं. वार गुरुवार नव्हता, तरी.

तेव्हापासून महिन्याची पौर्णिमा त्यांना जड जाते. सकाळी उपवास धरायचा, पूजा करायची, शिऱ्याचा नैवेद्य दाखवायचा, आणि उन्हं उतरली की पिशवी घेऊन ओट्यावर जायचं, मासोळी विकत घ्यायची, फोटोपुरतं हसायचं आणि घरी येऊन पुन्हा अंघोळ. खायची नाही, फक्त घ्यायची. असं व्रत कोणत्याच पोथीत नाही, त्यामुळे त्याचं उद्यापन कसं करायचं हेही कोणाला सांगता येत नाही. पिशवी कुंपणावरून पलीकडे जाते. थूलांच्या घरीही पौर्णिमेला चालत नाही, म्हणून ती रात्रभर फ्रीजमध्ये राहते.

गेल्या पौर्णिमेला सगळ्या पाय पसरून बसल्या होत्या, तेव्हा पौर्णिमा जवळ सरकली आणि कानाशी म्हणाली, "बाई, एक सांगू? पुढच्या खेपेले मरळ घेजा."

"काऊन वो?"

"आमच्या ह्यायले काटे नाई जमत. मले म्हनत होते, झाडे बाईंले सांगून पाह्य. अन्," पौर्णिमानं पदर तोंडाला लावला, "रूपराव भाऊजी बी वाटीभर रस्सा मागून राह्यले. घरी सांगू नका म्हने."

भागीरथाबाईंनी माळेचा पुढचा मणी ओढला, पायरीवर पाठ टेकली आणि म्हणाल्या, "दोन घेतो."